शौचावरचा ताबा गेलाय. नसेला करंट देणारं मशीन बसवून घ्यावं का?

सकाळची_स्लो
ही आयडी मुद्दाम नवी काढली आहे. जुन्या आयडीने मी इथे बरीच वर्षं पाककृती टाकते, आणि माझ्या घावनांचं कौतुक करणाऱ्यांना हा धागा वाचून ते घावन आठवू नयेत एवढीच इच्छा. आधी 'माझ्या एका मैत्रिणीला' अशी सुरुवात केली होती. दोन ओळींनंतर माझाच मला कंटाळा आला. मैत्रीण वगैरे कुणी नाही, मीच आहे.

वय ४६. राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टात. थोरल्याच्या वेळी, २००४ मध्ये, चिमटा लावून बाळंतपण झालं. मागपर्यंत फाटलं, टाके पडले. बाळ-बाळंतीण सुखरूप यापलीकडे तेव्हा कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. पुढे सोळा-सतरा वर्षं सगळं ठीक होतं. पाळी मागेपुढे व्हायला लागली त्या सुमारास आधी गॅसवरचा ताबा गेला. मग लागल्याचं कळल्यापासून संडास गाठेपर्यंत जो वेळ मिळतो तो कमी कमी होत गेला. आता आठवड्यातून चारेक वेळा कपडे खराब होतात. कधी थोडेसे, कधी घरी परत यावं लागेल इतके.

मी फास्ट लोकल सोडली. स्लोला वीसेक मिनिटं जास्त लागतात, पण थोड्या थोड्या वेळाने उतरायला स्टेशन येतं. कुठल्या स्टेशनात कुठल्या टोकाला संडास आहे, कुठला दुपारी कुलूपबंद असतो, कुठे सुटे पैसे मागतात, सगळं पाठ आहे. पर्समध्ये कपड्यांचा एक जोड आणि प्लास्टिकची पिशवी कायम. काळ्या सलवारीशिवाय दुसरं काही घालत नाही. सकाळचा चहा ऑफिसात पोचल्यावर. लग्नामुंजीच्या पंगतींना नाही म्हणायची कारणं संपत आली आहेत.

इसबगोल झालं, लोपरामाइडची, म्हणजे जुलाब थांबवायची, अर्धी गोळी झाली, सहा महिने व्यायाम झाले. फरक पडला, पण भागत नाही. मॅनोमेट्री (आतला दाब मोजतात ती) केली, आतून सोनोग्राफी केली. गुदद्वाराच्या बाहेरच्या स्नायूत जुनी फट दिसते. आता सर्जन म्हणतात, कमरेखालच्या हाडातून एक तार नसेपाशी सोडायची आणि कुल्ल्यात पेसमेकरसारखी बॅटरी बसवायची. त्याआधी दोन आठवडे तात्पुरतं लावून बघायचं. खर्चाचा आकडा ऐकून नवरा 'बघू' म्हणाला. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

कुणी केलंय का हे? टिकतं का? आणि ती तार घेऊन लेडीज डब्यात शिरता येतं का?

बटाटेवडा
शीर्षक नेमकं जेवताना वाचलं. आता मलाच मशीन लागणार.

शेवंती_परळ
बटाटेवडा, जेवताना मोबाईल बाजूला ठेवावा. उपयोग होईल.
ताई, घावन मला अजूनही आवडतात. (ओळखलं मी तुम्हाला. कुणाला सांगत नाही.)

मुलुंडचा_मुकुंद
माझा अनुभव वडिलांचा आहे. वय ७१, मधुमेह बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला जायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणायचे, आम्हीही धरून चाललो की गुडघेच. एक दिवस आईने सांगितलं की ते स्वतःची विजार पहाटे स्वतः धुतात.

तीन डॉक्टर झाले. चौथ्याने गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. मेटफॉर्मिनचा, म्हणजे साखरेच्या गोळीचा, डोस काही महिन्यांपूर्वी वाढवला होता आणि त्याने पातळ होत होतं. घट्ट असतं तर वडिलांना धरता आलं असतं, पातळ धरता येत नव्हतं. गोळीचा प्रकार बदलला, डोस कमी केला, महिन्याभरात वडील पुन्हा बागेत. मशीन नाही, ऑपरेशन नाही. तुम्ही तपासण्या केल्याच आहेत, पण गोळ्यांची यादी एकदा कुणाला तरी पूर्ण दाखवा. पित्ताशय काढलं असेल तर तेही सांगा, आमच्या शेजारच्या काकूंना त्यानंतर पातळ व्हायचं आणि त्यावर वेगळं औषध असतं.

नळावरचं_भांडण
वाचतेय. माझा प्रश्न वेगळा आहे पण विचारायचा धीर होत नाही.

शेवंती_परळ
विचारा की. इथे आता लाजायला उरलंय काय?

डॉ_गवतीचहा
पोटाचा सर्जन आहे. न तपासता सल्ला देणार नाही, पण हे मशीन करतं काय यावर बराच गोंधळ दिसतो म्हणून लिहितो.

आपल्या सोसायटीच्या गेटसारखं समजा. गेटवर वॉचमन आहे, तो म्हणजे गुदद्वाराचा स्नायू. पण कोण आलंय हे वरती कळवायला इंटरकॉमही लागतो. गुदाशयात काही उतरलं की ते घट्ट आहे, पातळ आहे की नुसता वारा, हे आपलं शरीर क्षणात ओळखतं आणि त्याप्रमाणे दार धरतं किंवा सोडतं. ताबा गेलेल्या कित्येकांचा वॉचमन थोडा म्हातारा असतो आणि इंटरकॉम अर्धा बंद असतो. हे मशीन वॉचमनला व्यायामशाळेत पाठवत नाही. ते इंटरकॉमच्या वायरीवर काम करतं.

ती वायर म्हणजे त्रिकास्थीतून, माकडहाडाच्या वरच्या हाडातून, बाहेर येणारी तिसरी नस. तिच्याशेजारी चार टोकांची बारीक तार ठेवतात आणि हलका करंट सतत देतात. सुरुवातीला लोकांना वाटलं की यानं स्नायू आवळला जातो. आता असं दिसतं की मुख्य परिणाम मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवर आणि आतड्याच्या हालचालीवर होतो. म्हणूनच स्नायूत जुनी फट असलेल्यांनाही गुण येतो. पूर्वी अशांना सरळ नाही म्हणत, आता फट आहे एवढ्या कारणाने कुणाला परत पाठवत नाहीत.

मुळात हे निघालं लघवीसाठी, सॅन फ्रान्सिस्कोत. शौचासाठी पहिला अहवाल १९९५ साली जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मात्सेल यांनी दिला, अवघ्या तीन रुग्णांचा. अमेरिकेत लघवीसाठी परवानगी १९९७ला मिळाली, शौचासाठी २०११ला. परवानगीच्या वेळच्या अमेरिकन अभ्यासात १२० जणांना कायमचं मशीन बसवलं होतं. वर्षानंतर दर १०० पैकी ८३ जणांचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले होते, आणि सुमारे ४० जणांचे पूर्ण थांबले होते. आता दुसरी बाजूही ऐका. पाच वर्षांत त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुन्हा टेबलावर यावं लागलं. बॅटरी बदलायला, तार सरकली म्हणून, दुखतं म्हणून किंवा मशीन काढून टाकायला.

ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवा की १०० पैकी ८३ हे तात्पुरत्या चाचणीत पास झालेल्यांमधले आहेत, सरसकट सगळ्यांमधले नाहीत.

हिशेबनीस
डॉक्टर, शेवटचं वाक्य लिहिल्याबद्दल आभार. ते सहसा ओपीडीत सांगितलं जात नाही.

माझा साधा प्रश्न. या मशीनच्या किमतीत एक छोटी गाडी येते. त्यातून पाच वर्षांत तिघांतला एक पुन्हा ऑपरेशनला. मग घोट्याजवळ सुई लावून करंट देतात ती पद्धत का नाही? माझ्या मेव्हणीने लघवीसाठी केली. आठवड्याला अर्धा तास, असं १२ आठवडे. चिरफाड नाही, आत काही ठेवायचं नाही, खर्च गाडीच्या एका टायरइतका. मला तर यात बॅटरी विकणाऱ्यांचा खेळ दिसतो.

बटाटेवडा
हिशेबनीस, टायर कुठल्या गाडीचा? ट्रकचा की ॲक्टिव्हाचा?

डॉ_गवतीचहा
हिशेबनीस, प्रश्न बरोबर आहे. पोटरीतून घोट्याकडे येणारी ती नस शेवटी त्याच त्रिकास्थीच्या मुळांना मिळते, त्यामुळे कल्पना अगदी वाजवी होती. इंग्लंडमध्ये तिची नीट परीक्षा झाली. २२७ रुग्ण, अर्ध्यांना खरा करंट, अर्ध्यांना खोटा, कुणाला काय मिळतंय ते रुग्णाला माहीत नाही. निकाल २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. खऱ्या करंटने ३८ टक्क्यांचे प्रसंग निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी, खोट्याने ३१ टक्क्यांचे. हा फरक योगायोगाइतका लहान आहे. लघवीच्या घाईसाठी घोट्याची पद्धत अजून वापरतात, तुमच्या मेव्हणीला गुण आला असेल तर नवल नाही. शौचासाठी मात्र मी तिच्यावर कुणाचे १२ आठवडे घालवणार नाही.

हिशेबनीस
म्हणजे खोटा करंट दिला तरी तिघांतल्या एकाला गुण? मग मी उद्यापासून डोंबिवलीत खोटा करंट देण्याचं दुकान काढतो.

डॉ_गवतीचहा
काढा. पण ते ३१ टक्के हसण्यावारी नेऊ नका. नोंदवही ठेवणं, दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करणं, खाण्यावर लक्ष जाणं, याचाही त्यात वाटा असतो.

खारा_वारा
मी केलंय. २०२१ मध्ये. चार दिवस हा धागा नुसता वाचत होतो.

पुरुष, वय ५८, वसई. भगंदराची दोन ऑपरेशनं झाली. भगंदर बरं झालं, पण दुसऱ्या वेळी स्नायूचा जो भाग कापला गेला त्याने गळायला लागलं. कामावर मी खुर्चीवर कधीच पूर्ण टेकून बसलो नाही, कडेवर बसायचो. लोकांना वाटायचं साहेबांना निघायची घाई आहे.

प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. टेबलावर पालथं झोपवतात. कुल्ले दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने ओढून ठेवतात, कारण तिथली हालचाल डॉक्टरांना दिसायला हवी. (होय, तसंच. दोन मिनिटांत लाज संपते, मग माणूस छताकडे बघायला मोकळा. मी तर पालथा, छतही नव्हतं.) एक्स-रेच्या पडद्यावर बघत हाडातल्या भोकातून सुई सोडतात. एक सिस्टरबाई फक्त माझ्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून उभ्या. सुई बरोबर नसेपाशी आली की खालचा भाग आत ओढला जातो आणि अंगठा खाली वळतो. पहिल्यांदा माझी अख्खी टाच फिरली, तर डॉक्टर म्हणाले, एक घर वर आलोय. दुसऱ्यांदा अंगठा वळला आणि सिस्टर 'आला, आला!' म्हणाल्या. आमच्याकडे गणपती आला की ओरडतात तशा.

मग चाचणीचे दोन आठवडे. तार पाठीतून बाहेर, कमरेला छोटी डबी. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, बादलीने अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. चाचणीआधी दोन आठवडे आणि चाचणीत दोन आठवडे रोजची वही लिहायची: किती वेळा लागली, किती वेळा निसटलं, घट्ट की पातळ. प्रसंग निम्मे झाले तर पुढे जायचं, नाहीतर तार काढायची आणि विषय बंद. गाडी घेण्याआधी दोन आठवडे चालवून बघायला कुठला शोरूमवाला देतो, हिशेबनीस?

माझे निम्म्याच्याही खाली आले. आता महिन्याला एखादा, तोही हॉटेलातलं तिखट खाल्लं तर. करंट म्हणजे खाली कुठेतरी मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा. आठवड्याभरात विसरतो. पहिल्या वर्षी डाव्या पायात कळ यायची, ती रिमोटने प्रोग्राम बदलून गेली. सोसला नाही तो मागच्या खिशातला पाकिटाचा फुगा. बॅटरी त्याच बाजूला, म्हणून पाकीट आता पुढच्या खिशात. लोकलमध्ये तसंही तिथेच बरं.

सकाळची_स्लो
खारा_वारा काका, 'काका' म्हटलं तर चालेल ना? तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून नवऱ्याला ऐकवला. अंगठ्यापाशी आल्यावर तो हसला. या विषयावर गेल्या चार वर्षांत तो पहिल्यांदा हसला. चाचणीला तयार झालाय.

मॉलच्या दारातल्या मशीनचं काय?

खारा_वारा
काका म्हणा, केस तसेच आहेत.
मॉल, मेट्रो, विमानतळ, सगळीकडे मशीनचं कार्ड दाखवतो. मॉलमधला वॉचमन दर वेळी 'हार्ट?' विचारतो, मी 'हो' म्हणतो. खरं सांगून त्याला कशाला अवघडायचं?

कुंकवाची_डबी
आमच्या सासऱ्यांचे वैद्य म्हणतात की हे सगळं इतक्या लांब जाण्याआधी अश्विनी मुद्रा रोज करावी. घोडा करतो तशी. आणि भगंदरावर सुश्रुतांपासून क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा, सांगितलेलं आहे, त्यात चिरफाडीपेक्षा स्नायू वाचतो असं ऐकलंय. खारा_वारा यांनी ते आधी केलं असतं तर?

खारा_वारा
केलं असतं तर कदाचित. तेव्हा कुणी सुचवलं नाही. आता त्यावर भांडून काय उपयोग, बॅटरी बसली.

हात_धुवून_या
फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरच काम करते. अश्विनी मुद्रा आणि आम्ही शिकवतो ते व्यायाम यांत फारसा फरक नाही, फरक शिकवण्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी सहा महिने मनोभावे पोट आणि मांड्या आवळत असतात. जिथे आवळायचं ते तसंच. म्हणून बायोफीडबॅक. आत बारीक फुगा किंवा सेन्सर ठेवतो आणि समोरच्या पडद्यावर तुम्हाला दिसतं की बरोबर स्नायू हलला की नुसता चेहरा.

शिवाय फक्त ताकद पुरत नाही. घाई लागल्यावर धावत सुटू नका. धावलं की पोटातला दाब वाढतो आणि आणखी लवकर होतं. जागेवर थांबा, पाचसहा वेळा पटापट आवळा, लाट ओसरू द्या, मग चाला. स्लो बाई, तुम्ही व्यायाम केले तेव्हा कुणी पडद्यावर दाखवून शिकवले का?

आणि मशीन बसलं की एक कायम लक्षात ठेवा. पाठ दुखते म्हणून कुठे शेक घ्यायला गेलात तर शॉर्टवेव्ह डायथर्मी (मशीनच्या लहरींनी आतपर्यंत देतात तो शेक) अजिबात नाही. तारेभोवतीचा भाग भाजू शकतो. एमआरआयच्या आधीही सांगायचं. नव्या मशीनवर काही अटींत करता येतो, पण सांगायचं.

सकाळची_स्लो
पडद्यावर नाही. कागदावर चित्र दिलं होतं.

हात_धुवून_या
मग चाचणीआधी निदान चार बैठका तशा करा. पैसे वाचले तर तुमचेच. नाही वाचले तरी हे व्यायाम मशीनच्या जोडीला लागतातच.

गोदूताई_७४
मी या वयात इथे कशी, असं विचारू नका, नातवाने खातं काढून दिलं आहे. माझंही निसटायचं. जुलाब समजून मी थांबवायच्या गोळ्या खात होते. डॉक्टरीणबाईंनी बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, आजी, तुम्हाला बद्धकोष्ठ आहे. खडा अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ गळत होतं. मी उलटंच औषध घेत होते! एनिमा दिला, आता रोज औषध घेते आणि ठरल्या वेळी बसते. तरीही भजनाला जाताना पॅड लावते. टाळांच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, हा भजनाचा आणखी एक फायदा.

बटाटेवडा
आजी, दंडवत.

नळावरचं_भांडण
गोदूताईंच्या उत्तरात माझा प्रश्न सुटला. नवऱ्याला विचारते आता. नवऱ्यासाठीच होता.

भांडुपकर
अवांतर, पण मुंबईत अर्धा आजार संडास नसल्याचाच आहे. लोकलमध्ये संडास नाही. एसी लोकल आली २०१७ला, तिच्यातही नाही. बायकांकडून मुतारीचे पैसे घेतात, पुरुषांना फुकट, यावर २०११ पासून 'राइट टू पी'वाल्या बायका भांडतायत. त्यांनाही आधी लोक हसलेच होते. पण लघवी निदान बोलण्यात आली. दोन नंबरवर कुणी मोर्चा काढलेला ऐकला नाही.

आणि पावसाळ्याचं काय? गाडी सायन-कुर्ल्याच्या मध्ये दोन तास उभी. मला काहीही आजार नाही, तरी मला तिथे घाम फुटतो.

सकाळची_स्लो
भांडुपकर, जुलैत दोनदा रुळांवरून चालत गेले आहे. लोकांना वाटलं बाईंना ऑफिसची फार काळजी.

दुष्ट_दुपार
एक कटू बोलू का? इथे सगळे मशीनच्या बाजूने झुकलेत. माझ्या मावशीला बसवलं होतं. सात महिन्यांत त्या जागी पू झाला, काढावं लागलं. पैसे गेले, मनस्ताप गेला नाही. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही. मधुमेह आटोक्यात नसताना घाई केली हे नंतर दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं. करू नका असं म्हणत नाही. साखर, त्वचा, सगळं नीट करून मग करा. आणि 'काढावं लागलं तर खर्च कुणाचा' हे आधी कागदावर विचारा. विमा कंपनीलाही आधी लेखी विचारा, फोनवरचं 'हो मॅडम' टेबलापर्यंत टिकत नाही.

हिशेबनीस
दुष्ट_दुपार यांना माझे दहा गुण. चार्जिंगची बॅटरी घ्यायची की साधी, तेही आधी ठरवा. चार्जिंगवाली किमान १५ वर्षं चालते असं बनवणारे सांगतात, साधी सहसा त्याआधी बदलावी लागते आणि बदलणं म्हणजे पुन्हा छोटं ऑपरेशन. ४६व्या वर्षी बसवणाऱ्याने हे गणित करायलाच हवं. (होय, मी वाचत बसलो काल रात्री. होय, बायको विचारत होती काय वाचतोयस.)

शेवंती_परळ
काय सांगितलंत?

हिशेबनीस
म्युच्युअल फंड.

(मधले काही प्रतिसाद पंगतीतल्या मसालेभातावर गेले होते, ते संपादकांनी दुसऱ्या धाग्यावर हलवले आहेत.)

सकाळची_स्लो
सात आठवड्यांनी परत आले.

आधी बायोफीडबॅकच्या पाच बैठका केल्या. हात_धुवून_या, तुमचं खरं निघालं, मी सहा महिने भक्तिभावाने पोट आवळत होते. दर दोन आठवड्यांतले प्रसंग ९ वरून ७ वर आले. वही दाखवल्यावर सर्जन म्हणाले, चांगलं आहे, आता तार लावून बघू.

तार लागली मेमध्ये. मुंबईतल्या मेमध्ये दोन आठवडे बिनअंघोळीचे! पाठीवर पट्टी, कमरेला डबी, अंगावर घामोळं, आणि पंख्याखालून हलायचं नाही. लोकलचा प्रश्नच नव्हता, रजा टाकली. अंगठा माझाही वळला. माझ्या सिस्टर काही ओरडल्या नाहीत, जरा निराशा झाली.

आकडे: तारेशिवायचे चौदा दिवस ७ वेळा, तारेसह चौदा दिवस २ वेळा. दोन्ही पहिल्या चार दिवसांतले, डबीचा आकडा जुळवेपर्यंतचे. पण आकड्यापेक्षा मला वेगळंच जाणवलं. नवव्या दिवशी दुपारी गॅस झाला आणि तो गॅसच आहे हे मला आधी कळलं. कितीतरी वर्षांनी कळलं. डॉक्टरांचा इंटरकॉम हाच असावा.

आता खरी गोष्ट. सासूबाईंना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कमरेची डबी बघितली, म्हणाल्या हे काय. सांगितलं सगळं, बाळंतपणापासून. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं तू कुणाच्या कार्याला येत नव्हतीस ते माझ्यावर रुसून नव्हे होय!" त्या तोडे मोडून सगळ्यांना सारखे वाटले होते त्यावरून मी रागावले, असं त्या धरून बसल्या होत्या. मला तोडे वाटल्याचंच माहीत नव्हतं.

कायमची बॅटरी पुढच्या गुरुवारी. चार्जिंगवाली. हिशेबनीस, गणित तुमचंच वापरलं. विमा कंपनीने अर्ध्याला लेखी हो म्हटलंय, उरलेल्या अर्ध्याला नवरा 'बघू' म्हणालाय, पण या वेळी कॅल्क्युलेटर घेऊन म्हणालाय.

हिशेबनीस
अभिनंदन. तरी पाच वर्षांनी इथे येऊन आकडे सांगा. तोवर मी खेळ म्हणालो ते मागे घेत नाही, अर्धं घेतो.

खारा_वारा
गुरुवारी उजवी बाजू मागून घ्या, जर डाव्या कुशीवर झोपत असाल तर. आधी सांगितलं तर जागा थोडी बघतात.

गोदूताई_७४
तोड्यांचं काय झालं पुढे?

सकाळची_स्लो
गोदूताई, व्यनि (खासगी निरोप) करते. तो वेगळा धागा आहे.

बटाटेवडा
मी आज जेवून मग धागा उघडला. शुभेच्छा ताई. बॅटरी फुल चार्ज.

नवी_आई_ठाणे
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. बाळ तीन महिन्यांचं आहे. मलाही खूप टाके पडले आणि गॅस अजिबात थांबत नाही, एकदोनदा शीही. आमच्या डॉक्टर म्हणतात होईल हळूहळू. पण मला भीती वाटते. मी हे मशीन बसवायला हवं का?

हात_धुवून_या
मशीन इतक्यात नाही. तीन महिन्यांत बऱ्याच जणींचं सुधारतं, पण नुसतं वाट बघून नव्हे. व्यायाम कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिका, कागदावरून नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. 'होईल' म्हणणाऱ्या डॉक्टरांना आतून सोनोग्राफी करायची का, हे स्पष्ट विचारा. आणि पुढच्या बाळंतपणाच्या वेळी हे सगळं आधी सांगायचं, विसरायचं नाही.

सकाळची_स्लो
नवी_आई, आधी एक कर. डिस्चार्ज कार्ड काढ आणि टाके किती खोल होते, मागच्या स्नायूपर्यंत गेले होते का, ते लिहिलंय का बघ. माझ्या कार्डावर एका ओळीत लिहिलं होतं आणि मी ते वीस वर्षांनी वाचलं. इथे टाक, नाहीतर व्यनि कर. मी आहे.